तारेची नाडी

गेल्या आषाढात आमच्या वडगावच्या घरचे इंटरनेट रुसले होते. अगदी बंद पडले असते तर एक वेळ परवडले असते. ते सकाळी चाले, सर आली की जाई, दुपारी आपोआप परत येई आणि रात्री नेमके कामाच्या वेळी पुन्हा दडी मारून बसे. तक्रार नोंदविली. पलीकडचा तरुण मोठ्या अदबीने म्हणाला, “सर, तुमच्या राउटरमध्ये त्याचा लॉग असतो. तो फाइल म्हणून उतरवून घ्या आणि या नंबरवर व्हॉट्सॲप करा. आम्ही बघतो.” मी उतरवून घेतला आणि पाठविणार, इतक्यात हिंजवडीस याच धंद्यात असलेला माझा भाचा घरी आला होता, त्याने हात धरला.

“मामा, ही अशीच कुठे पाठवू नका. आधी वाचून तरी बघा तिच्यात काय आहे ते.”

चष्मा लावून वाचावयास बसलो. आरंभीच्या चार-दोन पानांत काही उमगले नाही. मग हळूहळू अर्थ लागू लागला, आणि जरा ओशाळल्यासारखे झाले. घरातील प्रत्येक फोन कोणत्या मिनिटाला जागा झाला आणि कोणत्या मिनिटाला निजला, याची नोंद होती. सुनेच्या फोनला तिचे नाव होते, भाडेकरूच्या लॅपटॉपला त्याचे. शेजारच्या तीन घरांच्या राउटरांची नावे होती. आदल्या पंधरवड्यात पालखीच्या प्रस्थानासाठी आम्ही सारे देहूला गेलो होतो, तो दिवस सबंध कोरा होता. म्हणजे घरी कोणी नव्हते हे त्या कोरेपणानेच सांगितले होते. आणि एका ओळीत, कोणाही साक्षर माणसास वाचता येईल अशा अक्षरांत, आमचा पासवर्ड होता.

दुखणे तारेचे, आणि कागद निघाला घरच्या माणसांचा. तारेची प्रकृती विचारणाऱ्याला तारेतून जाणारी माणसे दिसावीत, हे पूर्वीही असेच होते काय, असा प्रश्न मला पडला. तो घेऊन मी पुढले काही महिने जुने ग्रंथ चाळले. त्यात जे हाती लागले ते येथे मांडतो.

आरंभ आमच्याच गावापासून केला पाहिजे. वडगावचे नाव इतिहासात आहे ते 1779 च्या जानेवारीमुळे. राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसविण्याच्या मिषाने मुंबईकर इंग्रजांची सुमारे 3,900 शिपायांची फौज घाट चढून आली. तिच्याबरोबर 19,000 बैल होते. मुंगीच्या पावलाने चाललेल्या त्या फौजेची सारी कथा या एका आकड्यात आली. 4 जानेवारीस कार्ल्यापाशी कॅप्टन स्टुअर्ट पडला. आमच्याकडे त्याला ‘ईष्टूर फाकडा’ म्हणतात आणि त्याचे थडगे वडगावात आजही दाखवितात. शत्रूच्या शौर्याला असे घरचे नाव देणारे लोक थोडेच. 9 तारखेस फौज तळेगावी पोहोचली. पुणे तेथून अठरा मैल, आणि जवळ अठरा दिवस पुरेल एवढा दाणागोटा. तरी 11 तारखेच्या रात्री जड तोफा तळ्यात लोटून, सामानसुमान जाळून, फौज गुपचूप मागे फिरली.

गुपचूप हा शब्द त्यांचा. नाना फडणिसांच्या बातमीदारीचा लौकिक सर्वश्रुत आहे, आणि महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके यांचे घोडे चहूबाजूंस होते. पहाट होण्यापूर्वीच पिछाडीवर हल्ला आला. फौज कशीबशी वडगावपर्यंत आली आणि येथे कोंडली गेली. 16 जानेवारीच्या सुमारास येथे जो तह झाला तोच वडगावचा तह.

लढाईचे वर्णन माझ्यापेक्षा अधिकारी माणसांनी केले आहे. माझे लक्ष वेधले ते तहातील एका कलमाने आणि त्याच्या पुढच्या हकीकतीने. बंगालहून जमिनीच्या वाटेने कर्नल गॉडर्डची दुसरी फौज येत होती. तिने माघारी जावे असा हुकूम मुंबईकरांच्या समितीने द्यावा, असे ठरले. समितीने तसे पत्र लिहिलेही. पुढे सुटका होऊन मंडळी घाट उतरली, आणि खाली पाऊल पडताच त्यांनी पहिले काम केले ते हेच, की ते पत्र अमलात आणू नये असे दुसरे पत्र धाडले. 30 जानेवारीस बऱ्हाणपुरास पोहोचलेल्या गॉडर्डची स्थिती काय झाली असेल! एकाच समितीची पत्रे, सह्या त्याच, आणि मजकूर एकमेकांविरुद्ध. वडगावच्या तळावर काय घडले, पत्र लिहिणारा मोकळा होता की शत्रूच्या छावणीत बसला होता, फौज उभी आहे की मोडली, यातले नेमके काहीच त्या कागदावरून कळण्याजोगे नव्हते. त्याने आपल्या अकलेने अर्थ लावला, भराभर कूच केले आणि फेब्रुवारीच्या अखेरीस सुरत गाठली. त्याच्या त्या निर्णयाने पुढे आपले किती नुकसान केले, हे मराठी वाचकास सांगावयास नको.

म्हणजे 1779 मध्ये वाट बिघडली तर ती कोठे बिघडली हे कळण्यास एकच उपाय होता. त्या वाटेने माणूस पाठवावयाचा, आणि तो परत आला नाही तर समजावयाचे की बिघाड त्याच्या वाटेवर आहे. जासुदाचा जीव हेच परीक्षेचे यंत्र होते.

तारायंत्र आले तेव्हाही आरंभी यात फारसा फरक पडला नाही, हे वाचून मला नवल वाटले. हिंदुस्थानात तार आणली ती विल्यम ओशॉनेसी या आयरिश डॉक्टरने. पेशाने वैद्य, कलकत्त्यास रसायनशास्त्राचा अध्यापक. 1839 मध्ये त्याने कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानात बांबूंवर तार ताणून प्रयोग केले आणि येणारा संकेत तो बोटाला बसणाऱ्या विजेच्या झटक्याने ओळखी. वैद्याने नाडी बोटाने पाहावी यात आश्चर्य नाही, परंतु तारेचीही नाडी त्याने प्रथम बोटानेच पाहिली. 1854 च्या मार्चमध्ये कलकत्त्याची तार आग्र्यास भिडली आणि 1855 च्या फेब्रुवारीत मुंबई-मद्राससह ती सर्व लोकांना खुली झाली. मुंबई-मद्रास तार पुण्यावरून जाई. अर्थात ती सह्याद्री चढून आली. त्या वेळी बोरघाटात आगगाडी नव्हती. खंडाळा ते पुणे लोहमार्ग 1858 मध्ये आणि घाटातला मार्ग 1863 मध्ये सुरू झाला. तार आगगाडीच्या आधी घाट चढली. या देशात वानरे तारेला लोंबकळणार आणि कावळे रांगा लावणार हे ओळखून ओशॉनेसीने बारीक तारेऐवजी जाड लोखंडी सळई वापरली. त्याचा हा एक निर्णय मला त्याच्या साऱ्या विद्वत्तेहून मोठा वाटतो.

आता 1857 ची गोष्ट. ती मेरठ-दिल्लीची आहे. परंतु तारेचा बिघाड शोधण्याची याहून बोलकी हकीकत मला मिळाली नाही. 10 मे रोजी रविवारी मेरठची तार मुकी झाली. दिल्लीच्या तारकचेरीचा प्रमुख चार्ल्स टॉड याने ब्रेंडिश आणि पिल्किंग्टन या आपल्या दोन तरुण तारवाल्यांस यमुनेपलीकडे पाठविले. नदीच्या पात्रातून केबल गेली होती आणि पलीकडच्या तीरावर तिचे टोक होते. या पोरांनी तेथे यंत्र जोडले. दिल्लीला हाक मारली, दिल्लीने ओ दिली. मेरठला हाक मारली, उत्तर नाही. यावरून उघड झाले की नदीतली केबल शाबूत आहे आणि बिघाड पलीकडे, मेरठच्या अंगाला आहे. निदान बिनचूक होते. तिन्हीसांज झाली होती, म्हणून ते परतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॉड स्वतः ती तार पाहण्यास गेला आणि मारला गेला. तार पावसाने किंवा वानराने तुटलेली नव्हती. ब्रेंडिश आणि पिल्किंग्टन यांनी त्या दिवशी अंबाल्यास तारा करून दिल्लीची खबर दिली, तीच पुढे पंजाबात पोहोचली. तार कोठे तुटली हे टॉडच्या माणसांनी अचूक शोधले. ती का तुटली हे सांगण्याची शक्ती त्यांच्या यंत्रात नव्हती. हा भेद मी मुद्दाम नमूद करतो.

इकडे त्याच सुमारास समुद्रात एक मोठा धडा मिळत होता. 1858 च्या ऑगस्टमध्ये अटलांटिकच्या तळाशी पहिली केबल पडली. राणीचा संदेश गेला, तोफा झाल्या, मिरवणुका निघाल्या. केबल मात्र पहिल्यापासून क्षीण होती. व्हाइटहाउस नावाच्या गृहस्थाच्या हाती तिची शुश्रूषा होती. क्षीण आवाज ऐकू यावा म्हणून त्याने तिला सुमारे दोन हजार व्होल्टचे दणके दिले. तीन आठवड्यांत ती गतप्राण झाली. दुखणे मोजल्यावाचून औषध दिले की असे होते. यानंतरच्या दशकात विद्युतरोध मोजण्याचे एक प्रमाण, म्हणजे ओहम, ठरले. कारण मोजमापाचा गज सर्वांचा एकच नसेल, तर कलकत्त्याने घेतलेले माप लंडनला काय उपयोगाचे?

मोजण्याची ही विद्या हिंदुस्थानच्या तारखात्यात रुजविली ती लुई श्वेंडलर या जर्मन विद्युत्तज्ज्ञाने. कलकत्त्याचे प्राणिसंग्रहालय उभारण्यातही या माणसाचा पुढाकार होता आणि तेथे त्याचे स्मारक आहे. पण तारवाल्यांच्या दुनियेत तो ओळखला गेला तारांच्या परीक्षेवर त्याने लिहिलेल्या जाडजूड नियमग्रंथामुळे. हे परीक्षेचे तंत्र इतके सुंदर आहे की दोन शब्द त्यावर खर्च केल्याशिवाय मला राहवत नाही.

तारेची दुखणी मुख्यतः तीन. ती तुटते, ती कोठे तरी जमिनीला लागते, किंवा शेजारच्या तारेला चिकटते. तुटली तर दिल्लीच्या पोरांनी केले तेच करावयाचे: मधल्या कचेऱ्यांना एकामागून एक हाक मारावयाची, शेवटची ओ जेथून येईल त्याच्या पुढे बिघाड. जमिनीला लागली तर मात्र गंमत आहे. समजा, पुणे-लोणावळा ही 40 मैलांची तार कोठे तरी ओल्या फांदीला टेकली आहे. शेजारी दुसरी, निरोगी तार आहेच. लोणावळ्याच्या तारमास्तरास कळवावयाचे, दोन्ही तारांची टोके एकमेकींस जोड. आता पुण्यापासून निघून पुण्यालाच परत येणारा 80 मैलांचा एक फास झाला, आणि त्यात एका ठिकाणी भोक आहे. पुण्याच्या मेजावर तराजूसारखे एक यंत्र असते. त्याच्या दोन बाजूंचे रोध कमीजास्त करीत जावे, आणि सुई मध्यावर स्तब्ध झाली की त्या दोन रोधांचे प्रमाण पाहावे. प्रमाण 7 ला 3 निघाले तर 80 मैलांची तशीच वाटणी करावयाची. वाईट तारेच्या बाजूने 24 मैल आले, म्हणजे बिघाड थेट आमच्या वडगावच्या आसपास! पुण्यात खुर्चीवर बसल्या बसल्या कळले की गडी कोणत्या खांबाकडे धाडावयाचा. या युक्तीला मरेची परीक्षा म्हणतात. तिचे खरे चातुर्य असे की फांदी किती ओली, जमीन किती कोरडी, याने उत्तरात फरक पडत नाही.

मावळातल्या पावसात ही परीक्षा कशी उतरत असेल याची कल्पना ज्याने येथला श्रावण पाहिला आहे त्यालाच करता येईल. खांबावरच्या चिनीमातीच्या टोप्या भिजल्या की प्रत्येक खांबावर थोडी थोडी वीज जमिनीत झिरपते. एका खांबाचे झिरपणे नगण्य. पण मैलाला वीसएक खांब, आणि असे शेकडो मैल. त्यामुळे आजचे माप कालच्या आणि गेल्या उन्हाळ्याच्या मापाशी ताडून पाहिल्यावाचून त्याला अर्थ नाही. निरोगी तारेचीही नाडी नेमाने पाहून टिपून ठेवणे भाग पडले. दुखणे आल्यावर धावण्याऐवजी प्रकृतीची वही राखण्याची ही चाल मला त्या विद्येतली सर्वांत थोर गोष्ट वाटते.

या वहीत काय असे? तारेचा क्रमांक, तारीख, वेळ, हवा कोरडी की ओली, आणि ओहमचे आकडे. पुण्याची वही जशीच्या तशी मुंबईस किंवा कलकत्त्यास धाडली आणि वाटेत कोणी उघडून वाचली, तरी त्या दिवशी कोणा व्यापाऱ्याने कापसाचा काय भाव कळविला किंवा कोणाच्या घरी कोण वारले, यातले अक्षरही त्याला कळले नसते. परीक्षेचा प्रवाह निराळा, संदेशाचा प्रवाह निराळा. तारेची प्रकृती मैलांत आणि ओहमांत सांगता येत होती. माणसांना त्यात यावे लागत नव्हते.

याचा अर्थ तारवाले देवमाणसे होती असा नव्हे. परीक्षा घेणाऱ्याच्या हाती तारेचे टोक असते, आणि टोक हाती असले की त्याला कान लावण्यास क्षण पुरतो. व्यापाऱ्यांना हे पुरेपूर ठाऊक होते. ते सांकेतिक शब्दांचे कोश वापरीत. 1870 च्या दशकात असे कोश छापून विकत मिळू लागले होते. एका शब्दात अख्खे वाक्य बसल्याने पैसे वाचत आणि मजकूरही झाकला जाई. सरकारने आपल्या परीने 1885 च्या तार कायद्यात तजवीज केली. संदेश बेकायदा जाणून घेण्याचा प्रयत्न करणे हा गुन्हा. तारखात्याच्या नोकराने संदेश बदलला, अडविला किंवा ज्याचा नव्हे त्यास सांगितला, तर तीन वर्षांपर्यंत कैद. त्याच कायद्याच्या पाचव्या कलमात सरकारने स्वतःसाठी मात्र खिडकी उघडी ठेवली होती. सार्वजनिक संकटाच्या वा सुरक्षिततेच्या नावाने संदेश अडविण्याचा अधिकार तीत होता. त्या खिडकीला अडसर कसा घालावा याचे नियम सर्वोच्च न्यायालयास 1996 मध्ये घालून द्यावे लागले, म्हणजे एकशे अकरा वर्षांनी. आपल्याकडची शेवटची तार 2013 च्या जुलैत गेली आणि 2023 मध्ये त्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा आला. खिडकी त्यातही आहे.

तारेचे दुखणे आणि गुपिताची फूट या दोन गोष्टी एकदा अक्षरशः एक झाल्या होत्या, त्याचाही येथे उल्लेख करतो. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत इंग्रजांचे फील्ड टेलिफोन एकाच तारेवर चालत. परतीची वाट जमीन. ओल्या मातीत वीज झिरपे, आणि पलीकडच्या खंदकात जर्मनांनी जमिनीत खुंट्या ठोकून ती झिरप ऐकण्याची ठाणी उभारली होती. 1916 च्या 1 जुलैस सोमची लढाई सुरू झाली. तिच्या आदल्या रात्री ला बोआसेलपाशी इंग्रज सैन्याला शुभेच्छा देणारा वरिष्ठांचा संदेश असाच जर्मन कानांवर पडला आणि सकाळी हल्ला येणार हे त्यांना कळले. त्या सकाळी तेथे जे घडले ते सर्वांस ठाऊक आहे. तारमास्तराच्या वहीत जो दोष ‘जमिनीला लागली’ एवढ्या दोन शब्दांत नोंदला जाई, त्याने येथे हजारोंचे प्राण घेतले.

आता संगणकाच्या जाळ्याकडे येतो. नवी विद्या म्हणून तिला लोक बिचकतात. परंतु यमुनेच्या तीरावर त्या दोन पोरांनी केलेले कामच ती करीत असते. 1983 च्या डिसेंबरात अमेरिकन लष्कराच्या एका प्रयोगशाळेत माइक म्यूस नावाच्या माणसाने ‘पिंग’ नावाचा एक छोटा प्रोग्राम लिहिला. बहुतेक काम एका रात्रीत उरकले. पलीकडच्या यंत्राला हाक मारावयाची आणि ओ येण्यास किती वेळ लागला ते मोजावयाचे, एवढेच त्याचे काम. पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राच्या आवाजावरून त्याने ते नाव घेतले. थोड्याच वर्षांत वाटेवरच्या प्रत्येक ठाण्याला क्रमाने हाक मारणारा प्रोग्रामही निघाला. येथवर सारे श्वेंडलरच्या वहीसारखे निर्मळ होते.

1988 मध्ये मात्र जाळ्यातल्या यंत्रांची प्रकृती दुरून विचारण्यासाठी एक सार्वत्रिक रीत ठरली, तिला एसएनएमपी म्हणतात. यंत्राला प्रश्न विचारणाऱ्याने आपली ओळख म्हणून एक परवलीचा शब्द सांगावयाचा. तो शब्द तारेवरून उघडा जाई. वाटेत कोणीही ऐकावा आणि आपण वापरावा! शिवाय कित्येक यंत्रांत कारखान्यातूनच तो शब्द ‘पब्लिक’ असा घातलेला असे आणि बदलण्याची तसदी कोणी घेत नसे. किल्ल्याच्या सर्व दरवाजांना एकच परवल, आणि तीही हमरस्त्यावर ओरडून सांगितलेली. पुढे तिसऱ्या आवृत्तीत ओळख पटविण्याची आणि मजकूर झाकण्याची सोय झाली. तोवर बराच काळ लोटला होता.

आणि त्या दरम्यान यंत्रांची वही लठ्ठ होत गेली. तारमास्तर हाताने लिही. त्याला लिहिण्याचे कष्ट होते, म्हणून तो लागेल तेवढेच लिही. राउटरला कष्ट नाहीत. तो दिसेल ते लिहितो. दुरुस्त करणाराही म्हणतो, काय लागेल सांगता येत नाही, सगळेच पाठवा. तारेचे ओहम आणि घरातल्या माणसांची निजानीज एकाच कागदावर आली ती अशी, यात कोणाचा दुष्टपणा नाही. आपल्याकडे 2022 मध्ये निघालेल्या सरकारी निर्देशांनुसार कंपन्यांना आपल्या यंत्रांचे लॉग 180 दिवस जपून ठेवावे लागतात. चोरी उघडकीस आणण्यास ते लागतातही. पण जपून ठेवलेली वस्तू चोरीस जाऊ शकते, हे जुनेच सत्य आहे.

भाच्याने त्या दिवशी माझ्याकडून जे करवून घेतले ते सांगतो, कारण वाचकांपैकी कोणावर ही पाळी उद्या येईल. पहिल्याप्रथम त्याने पासवर्डाची ओळ काढली आणि राउटरचा पासवर्डही बदलला. नुसती ओळ खोडणे पुरेसे नाही, तिची नक्कल कोठे राहिली असेल सांगवत नाही, म्हणाला. मग नावे. मी सरसकट सारी खोडावयास निघालो होतो. तो म्हणाला, “तसं नको मामा. मग त्यांना काहीच समजणार नाही. एकच यंत्र पुन्हा पुन्हा पडतंय की सगळी एकदम पडतात, हे तर कळलं पाहिजे.” म्हणून सुनेच्या फोनला ‘क’ आणि भाडेकरूच्या लॅपटॉपला ‘ख’ अशी नावे दिली आणि सबंध फाइलभर तीच राखली. वेळा मात्र त्याने हलविल्या नाहीत. “वेळ म्हणजेच दुखणं,” तो म्हणाला. पण लागतील त्या तीन दिवसांच्याच नोंदी ठेवल्या. देहूचा कोरा दिवस गेला. शेजाऱ्यांची नावे गेली, त्यांना तर आपण विचारलेही नव्हते.

उरला प्रश्न पाठविण्याचा. 1976 मध्ये डिफी आणि हेलमन या दोघांनी एक विलक्षण कल्पना मांडली होती. तिच्यातून पुढे अशी कुलपे निघाली, की कुलूप जगजाहीर वाटावे, कोणीही ते लावावे, आणि उघडणारी किल्ली मात्र एकाच्याच खिशात असावी. कंपनीने असे कुलूप दिले असते तर काम सोपे होते. पलीकडच्या तरुणास विचारले. त्याला ते ऐकूनही ठाऊक नव्हते, आणि त्यात त्याचा दोष नाही. तेव्हा जुनाच मार्ग धरला. फाइल गाठोडे बांधून कुलूपबंद केली, ती ईमेलने कंपनीच्या अधिकृत पत्त्यावर पाठविली, आणि कुलपाचा शब्द फोनवरून सांगितला. तोही त्यांनी केलेल्या फोनवर नव्हे, बिलावर छापलेल्या क्रमांकावर आपण फोन करून. पत्र एका जासुदाकडे आणि त्याची किल्ली दुसऱ्याकडे. पलीकडे बसलेला माणूस तोच आहे, आणि मोकळा आहे, याची खात्री करावयाची राहिली तर काय होते, हे बऱ्हाणपुरास गॉडर्डला विचारावे.

दोन दिवसांनी उत्तर आले. पाऊस सुरू झाला की ‘क’ आणि ‘ख’ दोन्ही एकाच क्षणी पडतात, अर्थी घरातले यंत्र ठीक आहे, दोष बाहेरच्या तारेत. एक गडी आला, शिडी लावून रेल्वे स्टेशनच्या वाटेवरील खांबावर चढला. तेथल्या डब्याचे झाकण फुटले होते आणि आत पाणी साचून जोड गंजला होता. पाच मिनिटांत त्याने तो बदलला. मी खाली छत्री धरून उभा होतो. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी तारेचा गडी याच ओलीपायी असाच खांबावर चढला असेल, असे मनात आले. त्याला सांगितले नाही. तो घाईत होता, पुढे कामशेतला तीन तक्रारी होत्या.

कंपनीस मी आभाराचे पत्र लिहिले आणि शेवटी विचारले, की काम झाले आहे, तर ती फाइल आपण पुसून टाकली काय? पुन्हा एकदा, श्रावणात, आठवण दिली. उत्तर अजून आलेले नाही.